मैदानात कधी सोडायचं

‘अजून चिकात हाय,’ असं म्हणताना मालक अंगठ्याचं नख पहिल्या बोटावर दाबून दाखवायचे. ज्वारीचा दाणा असा दाबल्यावर दूध आलं तर तो कच्चा. थोडं थांबलं की हुरडा, आणि जास्त थांबलं की खडा. तुम्हाला वाटेल, शेतकरी माणूस असणार. छे! मालकांचा आमच्या गल्लीत शाळेच्या गणवेशांचा कारखाना होता, आणि हे वाक्य ते कॉम्प्युटरवरच्या फुटबॉलपटूंविषयी बोलायचे.

माझं बटणं-दोऱ्याचं दुकान त्यांच्या समोरच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्याकडे चहाला जायचो. लॉकडाउनमध्ये कारखाना बंद होता, तेव्हा पुतण्यानं त्यांना हा खेळ लावून दिला होता. त्यात चेंडूला पाय लावायचा नसतो. विलायतेतल्या एका क्लबचं मॅनेजर व्हायचं, खेळाडू घ्यायचे, अकरा जण निवडायचे आणि मग हात चोळत बघत बसायचं. मी क्रिकेटवाला माणूस, मला ते पटत नसे.

‘खेळ म्हणता, आणि खेळतं दुसरंच कोणीतरी,’ मी म्हणायचो.

‘हितं कारखान्यात तरी मी शिलाई मारतो व्हय?’ मालक विचारायचे.

त्यांचा जीव होता तो पोरसवदा खेळाडूंवर. कोवळ्या पोराला पहिल्या संघात कधी खेळवायचं, यावर ते कीर्तनाला उभं राहिल्यासारखे बोलत. मैदान घरचं असावं. आपण तीन गोलांनी पुढं असावं. खेळ संपत आलेला असावा आणि शेजारी एखादा मुरलेला गडी असावा. मग पोराला आत सोडायचं, आणि एकदा चुकला म्हणून लगेच बाहेर बसवायचं नाही. ‘घाई केली तर पोरगं जन्मभर बिचकतं,’ ते सांगायचे. मी बिस्किट बुडवत मान हलवायचो. चहा त्यांचा होता, मान हलवणं भागच होतं.

त्यांच्याकडे असाच एक पोरगा होता. त्याचं परदेशी नाव जिभेवर बसेना, म्हणून मालकांनी त्याचा मल्लू करून टाकला. मल्लू लई हुशार, मल्लूचा डावा पाय लई गोड, सगळं खरं. पण अकरा जणांत मल्लू कधी नसायचा. कधी समोरचा संघ तगडा असे, कधी आपलाच संघ अडचणीत. एक हंगाम गेला, दुसरा गेला. ‘अजून चिकात हाय,’ मालक म्हणायचे.

एके दुपारी गेलो तर मालक कॉम्प्युटरकडे पाठ करून बसलेले. समोरच्या चहावर साय धरलेली.

‘काय झालं?’

‘मल्लू गेला.’

बटणं लावणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते ऐकलं आणि हातातलं काम थांबवलं. ‘घरातलाच होता काय हो?’ त्यांनी मला हळूच विचारलं. मी खुलासा करेपर्यंत बायकांनी शिलाई मशिनी बंद केल्या होत्या. खेळायला मिळत नाही म्हणून मल्लू रुसला आणि दुसऱ्या क्लबात निघून गेला, एवढंच झालं होतं. बायका हसत सुटल्या. मालकांना मात्र हसू आलं नाही.

त्यांची लेक अक्षताही हसली नाही. ती कटिंगच्या टेबलापाशी उभी होती. शिक्षण संपवून ती कारखान्यात आली, त्याला बरेच हंगाम झाले होते. ती कापडाचे थर अंथरायची, खडूनं आखणी करायची. पण कापायचं मशीन म्हाताऱ्या कटिंग-मास्तरांच्याच हातात. ते एकदा फिरलं की सगळे थर एकदम कापले जातात. चुकलं तर गठ्ठाच वाया.

‘अप्पा,’ ती शांतपणे म्हणाली, ‘मल्लू गेला तर तुम्ही चहा सोडलाव. मला बेंगळुरूच्या कारखान्यानं बोलावलंय. तितं मशीन हातात देतो म्हणतेत. मी जाऊ?’

मालकांनी कॉम्प्युटर बंद केला. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसले आणि जुनी गोष्ट सांगायला लागले. तरुणपणी त्यांच्या वडिलांनी त्यांना ऐन हंगामात मशीन दिलं होतं. कापडाला सुलट-उलट बाजू होती. यांनी सगळे थर सुलट बाजू वर करून अंथरले आणि आखणी एकाच पायाची केली. कापून बघतात तर सगळ्या पँटींचे डावेच पाय.

‘वडील एक शब्द बोलले न्हाईत,’ मालक म्हणाले. ‘नुसतं मशीन काढून घेतलं. परत कधी दिलं न्हाई.’

‘मग तुम्ही तिच्याशी तेच करताय की. त्यांनी चुकल्यावर घेतलं, तुम्ही चुकायच्या आधीच!’

माझं तोंड असंच आहे. मालक उठून गेले. मला वाईट वाटलं, पण बोललेलं खोटं नव्हतं.

मे महिन्यात एका मोठ्या शाळेचं काम आलं. कटिंगच्या दिवशी मी दोऱ्याची खोकी द्यायला गेलो, तर मशीन अक्षताच्या हातात. मास्तर शेजारी स्टुलावर, हात मांडीवर ठेवून. मालकांची खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

‘कुठं आहात?’ मी विचारलं.

‘होटगी स्टेशनात.’

‘तिथं काय काम?’

‘काम काय न्हाई. बसलोय.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘मशीन मीच दिलंय तिला. पण तितं असलो तर माझा हात गप बसणार न्हाई. मशीन काढून घेईन. लांब असलेलं बरं.’

लांब असले तरी फोन होताच. ‘काय करायलीय?’ ‘कापायलीय.’ ‘हात थरथरतोय काय?’ ‘तिचा नाही. तुमचा आवाज थरथरतोय.’ रागावून फोन ठेवायचे आणि परत करायचे. मीही दुकान सोडून तिथंच उभा होतो. माझ्या लेकीचीच परीक्षा असल्यासारखा.

दुपार कलली तेव्हा मशीन थांबलं. मास्तरांनी सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा तुकडा काढून एकमेकांवर ठेवले, कडेवरून बोट फिरवलं आणि ‘चलो, चाय मंगाओ,’ म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मालकांना फोन लावला.

‘झालं. एका सुताचा फरक नाही. या आता.’

पलीकडे कुठल्यातरी गाडीची घोषणा चालली होती. ती संपल्यावर त्यांनी विचारलं.

‘मास्तरला इच्यारलं तिनं काय?’

‘नाही.’

‘मला फोन लावा म्हणली?’

‘नाही.’

‘एकदा बी न्हाई?’

‘एकदाही नाही, मालक.’

‘बरं झालं,’ ते म्हणाले. ‘लई बरं झालं.’ आणि मग लहान पोरासारखं विचारलं, ‘आता उद्यापास्नं मी तितं येऊन काय करू?’

‘आधी चहा प्यायला या,’ मी म्हटलं. समोर अक्षता पुढच्या गठ्ठ्याचं कापड अंथरत होती.