डाव्या वळणावर खाली जाणारं पेडल

दौलतरावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हे गृहस्थ वारले आहेत, असंच मला वाटलं. गौरवलेखाची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं. पण अमृतमहोत्सव समितीनं "पहिल्या ओळखीपासून लिहा" असं बजावलं आहे, आणि ओळख झाली ती अशीच.

माझे यजमान गेल्यावर भंडाऱ्यातलं आमचं स्पेअर पार्ट्सचं दुकान मी उघडून बसले होते. शेजारी दौलतरावांचं गॅरेज. भर दुपारी काही विचारायला गेले तर शेडमध्ये चिटपाखरू नाही. एका बंद ट्रकच्या केबिनमध्ये ते ताठ बसलेले, डोळे मिटलेले, हात मांडीवर, एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी पाय क्लचच्या पेडलवर. मी हाक मारली, उत्तर नाही. छाती हलते का ते बघायला केबिनच्या पायरीवर चढले, तेवढ्यात डोळे न उघडताच आवाज आला, "वैनी, जरा थांबा जी. थो सांगून राह्यला."

"कोण?" माझा हात दांडीवरून सुटायचाच बाकी होता.

"बेअरिंग," ते म्हणाले.

पुढे कळलं की क्लचचं काम आलं की ते आधी असेच बसतात. चप्पल काढायची, डोळे मिटायचे, पेडल हळूहळू दाबायचं आणि हळूहळू सोडायचं. त्या वेळी आसपास कोणी बोलायचं नाही, पाना आपटायचा नाही. नवख्या माणसाला ते पाहून अंगावर काटा येतो. मलाही बरेच दिवस यायचा, आणि आता सवय झाली आहे असं म्हटलं तर ते अर्धंच खरं आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. देवदेवस्की, भूतखेत यांतलं दौलतराव काहीएक मानत नाहीत. तरीही बंद गाडीत बसलेल्या त्यांच्याकडे पाहिलं की दुसऱ्या कोणाशी तरी बोलणं चाललंय, असंच वाटतं.

त्यांच्या स्वभावाबद्दल विचाराल तर तोंडानं फटकळ, आणि चहाच्या बाबतीत हटवादी. पण माझं दुकान आज उभं आहे ते त्यांच्यामुळे. मला तेव्हा प्रेशर प्लेट आणि पराठ्याचा तवा यांतला फरक कळत नव्हता. सकाळी शटर वर करून द्यायला ते स्वतः यायचे आणि एकेक पार्ट माझ्या हातात देऊन म्हणायचे, "डोये मिटा. आता सांगा काय हाय." मी चुकले की हसायचे, मनापासून हसायचे, मला राग येईपर्यंत. गिऱ्हाइकासमोर मात्र एकदाही हसले नाहीत. हे उपकार मी कधी त्यांना बोलून दाखवले नव्हते, ते आज छापून देते.

ज्या कामासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते एका मोटारीचं आहे. हिवाळ्याचे दिवस होते, वैनगंगेवरचं धुकं उन्हं वर येईपर्यंत हलायचं नाही. अशा एका सकाळी प्रणाली नावाची एक तरुण बाई दुकानात आली. मोहाडीकडे तिच्या सासऱ्यांची, नामदेवरावांची, धानाची गिरणी. तिचा नवरा निखिल तापानं गेला होता. जाण्यापूर्वी त्यानं एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणून स्वतःच्या हातानं तिचं इंजिन खोललं होतं, टर्बो बसवला होता, आणि मूळच्या दुप्पट ताकद तिच्यात भरली होती. एवढी ताकद साध्या क्लचला पेलत नाही, तो घसरतो, जळका वास येतो. म्हणून त्यानं क्लच घट्ट दाबून धरणारी फार जड प्रेशर प्लेट बसवली होती.

"बाबा रोज संध्याकाळी त्या गाडीत बसते," प्रणाली म्हणाली. "इंजिन चालू करते, क्लच दाबून धरते, आन् बाजूच्या सीटकडे पाहून बोलत राह्यते. म्हणते, निखिल पाय ठेवून राह्यला."

नागपूरच्या गॅरेजांत क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पेडलखालचा सिलिंडर, सगळं बदलून झालं होतं. फरक काही नाही. आदल्या दिवशी नामदेवराव चालवत असताना, नदीकाठच्या कारधा गावाच्या अलीकडच्या डाव्या वळणावर गाडी गिअरमध्ये अडकली आणि पुलाच्या कठड्याला घासूनच थांबली. प्रणाली आणि तिची लहान मुलगी मागे बसलेल्या होत्या. पुढल्या खेपेला कठडा असेलच असं नाही, एवढंच तिला सांगायचं होतं.

दौलतराव आणि मी तिच्यासोबतच गेलो. गिरणी बंद होती. अंगणात कोंड्याचा थर, त्यावर ती काळी गाडी, आणि काच खाली करून आत बसलेले नामदेवराव. आम्हांला पाहून त्यांनी बाजूच्या रिकाम्या सीटकडे वळून हलक्या आवाजात सांगितलं, "पाव्हणे आले." मग आमच्याकडे पाहिलं.

दौलतराव हसले नाहीत, समजावूही लागले नाहीत. "मले बसू द्या जी थोडं," एवढंच म्हणाले. नामदेवराव उतरले. दौलतरावांनी चप्पल काढली, आत बसले, इंजिन चालू करून पेडल पूर्ण दाबलं आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग मी त्यांचा चेहरा बदललेला पाहिला. इतक्या वर्षांत तो तसा पाहिला नव्हता. त्यांनी मला खुणेनं बोलावून आपल्या जागी बसवलं.

पेडल माझ्या मानानं फारच जड होतं. दोन्ही पायांचा जोर लावून कसंबसं खाली नेऊन धरलं. आणि मी काही न करता ते हळूच आणखी खाली गेलं. कोणी शेजारून आपला पाय माझ्या पायावर ठेवावा, तसं.  बाजूच्या सीटकडे बघायची हिंमत झाली नाही.

"वळणावरबी असंच होते," नामदेवराव खिडकीशी येऊन म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदी होता, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं. "गाडी शिकवताना थो त्याच डाव्या वळणावर वरडे, 'बाबा, दाबा!' आता वरडत नाई. सोताच दाबते. पह्यले इतलुसं होतं, आता रोज जास्त जाणवते. थो जवय येऊन राह्यला."

दौलतरावांनी बॉनेट उघडलं. माझ्या जागी प्रणालीला बसवलं, इंजिन बंद केलं, नामदेवरावांच्या हाती टॉर्च दिला आणि इंजिनाच्या टोकाची पुली दाखवली. "हिच्याकडे पाहा जी. पोरी, दाब."

प्रणालीनं पेडल दाबलं. जागची हलू नये अशी ती लोखंडी पुली आमच्याकडे सरकली. सोडलं, तशी आत गेली. दाबलं, पुन्हा बाहेर. नामदेवराव एक पाऊल मागे सरले.

दौलतरावांनी मग शांतपणे सांगितलं. हे इंजिन गाडीत आडवं बसवलेलं आहे. ही पुली ज्याच्या टोकाला आहे त्या आतल्या शाफ्टनं बाजूला सरकू नये म्हणून एक बेअरिंग असतं, ते झिजून गेलं आहे. क्लच दाबला की सगळा जोर त्याच बेअरिंगवर येतो आणि शाफ्ट सरकतो. गाडी डावीकडे वळली की शाफ्ट आणखी लोटला जातो, क्लच पेडलपासून दूर जातो, पेडल खाली बसतं आणि गाडी गिअरमधून सुटत नाही. आधी थोडंच झिजलं असेल.

"आन् मंग?" नामदेवरावांनी विचारलं.

"तुमी रोज दाबून बसले, भाऊ. जितकं त्याले शोधलं, तितकं झिजलं. थो पाय तुमचाच व्हय."

 मग नामदेवराव गाडीच्या दारासमोर आडवे उभे राहिले. "नोको करू दुरुस्त. मले तेवढाच उरला थो."

"ही पोरगी आन् नात मांगं बसते ना जी?"

"मंग थो कुठी हाय, सांग ना!" म्हातारा ओरडला.

"मले नाई मालूम," दौलतराव म्हणाले. दुसरा कुठलाही माणूस इथे काहीतरी गोड बोलला असता. ते खोटं बोलले नाहीत, आणि तिथून हललेही नाहीत. नामदेवराव आपणहून बाजूला होईपर्यंत ते कोंड्यात अनवाणी उभे होते.

गाडी गॅरेजात आली. नागपूरवाले क्लचपर्यंतच गेले होते, त्याच्या पलीकडे निखिलनंतर कोणाचा हात लागला नव्हता. इंजिन उतरवून खालचं तेलाचं भांडं काढलं, तेव्हा दौलतराव थबकले आणि त्यांनी सासऱ्या-सुनेला बोलावलं. आत, शाफ्ट धरून ठेवणाऱ्या प्रत्येक बोल्टवर एकेक लाल ठिपका होता. बोल्ट शेवटचा आवळून झाला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायची मेकॅनिकांची रीत आहे. तेलात राहून ठिपके काळवंडले होते, पण लाल ओळखू येत होता.

प्रणाली वाकली आणि तिनं तोंडावर हात धरला. "माही नेलपॉलिश! याच्यावरून आमी भांडलो होतो. म्हणे, मी नाई घेतली."

नामदेवरावांनी एकेका ठिपक्यावरून बोट फिरवलं. एकही बोल्ट सुटलेला नव्हता. त्या अंधाऱ्या लोखंडाच्या पोटात त्यांच्या मुलानं केलेलं काम जसंच्या तसं होतं, आणि त्यात कसलीही चूक नव्हती.

"पोराचा हात पक्का होता," दौलतराव म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकी स्तुती माझ्या वाट्याला कधी आलेली नाही.

शाफ्ट घासून आला, नवं बेअरिंग बसलं, दोन प्लेटांचा नवा क्लच लावल्यानं पेडल हलकं झालं. बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा दौलतरावांनी पाना नामदेवरावांच्या हाती दिला. प्रणालीनं येताना नवी बाटली आणली होती. म्हातारा आवळायचा, सून ठिपका द्यायची. दौलतराव प्रत्येक बोल्ट तपासत होते, पण पाना त्यांनी परत घेतला नाही.

मग आम्ही कारध्याकडे निघालो. नामदेवराव चालवत होते, शेजारच्या सीटवर दौलतराव, मागे मी. धुकं रस्त्यावर बसलेलं होतं. डावं वळण आलं, नामदेवरावांनी क्लच दाबला, आणि पेडल होतं तिथेच राहिलं. त्यांनी पुढे गाडी कडेला घेतली. पाय पेडलवर तसाच ठेवून खूप वेळ वाट पाहिली. मग पाय उचलला आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच, प्रणालीनं नंतर सांगितलं, ते रडले. मोठ्यानं, लेकरासारखे. दौलतरावांनी त्यांचा हात धरला होता. नदीवरून धुकं काचांवर येत होतं, जात होतं, आणि कोणालाच घाई नव्हती.

दौलतराव, तुम्ही पंचाहत्तर पूर्ण करत आहात. गुडघे दुखतात हे तुम्ही लपवता, ते आम्हांला ठाऊक आहे. औषध वेळेवर घ्या, साखरेचा चहा सोडा, आणि निरोगी राहून अशीच पुष्कळ वर्षं आमच्या शेजारी जगा. गेलेल्या मुलाचा हात सोडायला तुम्ही एका बापाला मदत केलीत. तुमचा हात मात्र आम्ही इतक्यात सोडणार नाही.