जड गिटारचा लांब सूर

आमच्याकडे बायका तांब्या घेताना आधी हातात तोलून बघतात. जड असला तर चांगला, हलका असला तर नुसता पत्रा. आमच्या ह्यांनी गिटार अशीच तोलून घेतली. हैदराबादच्या दुकानात एकाच साच्याच्या दोन विजेच्या गिटारी टांगलेल्या होत्या. रंग तोच, तारा त्याच. पण एक उचलली तर हाताला काही जाणवायचं नाही आणि दुसरी उचलली की मनगट खाली जायचं. मी दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "लकडी का फरक है अम्मा. कोई झाड ठोस, कोई पोला. बाकी सब एकीच है." ह्यांनी दोन्ही वाजवून बघितल्या. हलकीचा आवाज चटकन मोकळा व्हायचा, पण लगेच विझायचा. जडचा सूर जरा उशिरा उठायचा आणि एकदा उठला की जागचा हलायचा नाही. ह्यांनी जड घेतली. मलाही तीच बरी वाटली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मला त्यांचं सगळंच बरं वाटायचं.

जड म्हणजे चांगली असं काही नसतं, हे पुढं कळलं. कलबुर्गीला एका ऑर्केस्ट्रावाल्यानं आपली काडीसारखी हलकी गिटार वाजवून दाखवली, तर तिचा सूर आमच्या जडपेक्षा लांब चालला. ह्यांचं तोंड दिवसभर आंबट झालेलं. "त्येच्या तारा नव्या असतील," म्हणाले. कुठल्या लाकडात काय निघेल ते झाडालाच ठाऊक, पण ह्यांच्या डोक्यात वजन बसलं ते बसलंच.

बिदरजवळच्या जनवाड्याची आमची गायन पार्टी होती. पेटी, तबला, बँजो, ह्यांची गिटार आणि गायला मी. सासऱ्यांची पिढी बौद्ध झाली त्यानंतर गावोगाव विहारं उभी राहिली, निळे झेंडे लागले, आणि जयंतीच्या महिन्यात आम्हाला एक दिवसही घर दिसायचं नाही. मी उदगीरकडची, गळा मोठा पण दम कमी. लांब ओळ ओढून नेली की शेवटी छाती रिकामी व्हायची. तिथं हे एक सूर छेडायचे आणि तो धरून ठेवायचे. त्या सुराखाली मी निवांत श्वास घ्यायची आणि पुढची ओळ उचलायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई किती दमाची! तो दम माझा नव्हता. आमच्या संसारात आम्ही एकमेकांना गोड असं फार काही बोललो नाही, जे होतं ते त्या सुरात होतं.

पण ती गिटार त्यांच्या डाव्या खांद्याला लटकायची. कार्यक्रम तासन्‌तास चालायचा आणि हे सगळा वेळ उभे. चार-पाच वर्षांनी खांद्यावर पट्ट्याचा काळा वळ पडला. मग एकदा बसची वाट बघताना ते सारखा हात झाडायला लागले.

"हात कामून झटकायलाव?" मी विचारलं.

"मुंग्या यायल्यात. जातील."

मुंग्या गेल्या नाहीत. आधी करंगळी बधिर झाली, मग तिच्या शेजारचं बोट. बिदरच्या डॉक्टरनं सांगितलं, खांद्याखाली नस दाबली जातेय, ओझं बंद करा. मी म्हटलं, "बसून वाजवा की. पेटीवाले अण्णा बसतेतच न्हवं का?"

तेव्हा जे बोलले ते मी विसरणार नाही. "माझा बाप पाटलाच्या ओट्याखाली बसून बसून मेला. हाक कवा येतीया म्हणून दिसभर उकिडवा बसायचा. मी न्हाई बसणार. लोकांनी मला उभा बघावं."

मला राग आला, भयंकर आला, पण त्यांच्यावर काढता येईना आणि सासऱ्यांवर तर मुळीच नाही. दुसरी गिटार घ्यायची ऐपत नव्हती. शेवटी मन्नाएखेळ्ळीला बैलगाड्या करणारा एक सुतार होता, त्याच्याकडं गिटार नेली. त्यानं ती पाठीमागून पोखरली. भुशाचं टोपलं भरलं. मग पाठीला पातळ फळी चिकटवून दिली. ह्यांनी खांद्याला अडकवली तर फुलासारखी! घरी येताना बसमध्ये मी खूश होते. ते खिडकीबाहेर बघत बसले होते.

त्यानंतरचा पहिला कार्यक्रम मन्नाएखेळ्ळीतच, हायवेच्या कडेला झाला. लाउडस्पीकरच्या भोंग्याचा आवाज त्या पोकळ पोटात शिरायचा आणि गिटार मध्येच कुई करून ओरडायची. लोक हसले. ह्यांनी आवाज कमी केला, भोंग्याकडं पाठ केली, कसंबसं सावरलं. मग माझी लांब ओळ आली. मी ती ओढून नेली, छाती रिकामी झाली, ह्यांनी सूर छेडला आणि तो माझा श्वास पुरा व्हायच्या आत मेला. गाण्यात भोक पडलं. पेटीवाल्या अण्णांनी लगेच भरून काढलं, लोकांना कळलंही नाही, टाळ्या पडल्या. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते गिटारकडं बघत होते, मेलेल्या वासराकडं बघावं तसं.

"ह्यो आवाज माझा न्हाई," एवढंच म्हणाले. पुढचं वर्षभर वाजवत राहिले, पण उरलेली बोटंही सुटत गेली. वजन काढलं तेव्हा फार उशीर झाला होता. हातातली पाण्याची वाटी पडायला लागली, तशी ते स्वतःच पार्टीतून बाजूला झाले. त्यांच्या जागी कीबोर्ड आला. त्याच्यावर बोट ठेवलं की सूर हवा तेवढा वेळ चालतो आणि तो टेबलावर असतो, त्याचं ओझं कुणालाच नाही. मी गात राहिले, कारण घर चालवायचं होतं. श्वासाला आता जागाच जागा होती आणि मला गाण्याचा वीट आला होता. घरी येऊन त्यांचं तोंड बघायचं माझ्या जिवावर यायचं. दोघंही जिवंत होतो, पण आमच्यात काही शिल्लक उरलं नव्हतं.

एका दुपारी ते म्हणाले, "गिटार दे."

मी त्यांच्या मांडीवर ठेवली. वीज नव्हती. भरीव होती तेव्हा विजेशिवाय कानाला लागायची नाही, आता पोकळ झाल्यावर खोलीभर ऐकू येत होती. त्यांनी उजव्या हातानं तारा छेडल्या. मग म्हणाले, "डावा हात चालंना. तू दाब. मी सांगतो तिथं."

मी शेजारी बसले. त्यांनी दांडीवरचं सुराचं घर दाखवलं, मी तिथं तारेवर बोट ठेवलं, त्यांनी तार छेडली. नुसतीच खरखर निघाली. "जोरात दाब," म्हणाले. पुन्हा खरखर. मग त्यांनी आपला डावा हात उचलून माझ्या बोटावर ठेवला आणि दाबायला लागले. कपाळाची शीर तट्ट फुगली होती, दात आवळलेले होते. माझ्या बोटाला काहीच जाणवलं नाही. नुसता हात ठेवल्याचं कळत होतं.

त्यांनी तार छेडली. तीच खरखर.

"लागला की सूर," मी म्हटलं.

त्यांनी हात काढून घेतला. कान शाबूत होते त्यांचे.