बारा वोल्टची होडी

२०२३ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि म्हाताऱ्याचं काही ऐकायचं नाही असा ठराव घरात त्याच्या बराच आधी पास झाला होता.

नातीचं लग्न शहराबाहेर, कामरेजकडच्या एका फार्महाउसवर ठरलं. तिथे तळं होतं. तळं म्हणजे काय, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं भरलेला छातीइतका खोल खड्डा. पण काठाला चार नारळ लावले की त्याला इंग्रजीत लेक म्हणतात. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, संगीताच्या वेळी, नवरी होडीतून येणार होती. होडीच्या पोटाला पाण्यात निळे दिवे, आणि नवरी उजेडावर तरंगत चाललेली. नातीनं हे फोनवर कुठेतरी पाहिलं होतं. साखरपुड्यापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. साडीसुद्धा तिनं त्या निळ्या उजेडाला शोभेल अशी निवडलेली.

मी चौथी शिकलेला माणूस. खानदेशातून या शहरात आलो तो पर्वत पाटियाजवळच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, शिरलो, आणि म्हातारा होईपर्यंत मशीन आणि वायरिंग दोन्ही दुरुस्त करत राहिलो. आमच्या खात्यात एक रीत होती. दुरुस्ती ज्यानं केली त्यानंच मशीनला पहिला हात लावायचा. नंतर कारागीर. ती कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून सगळे पाळायचे.

त्या दुपारी होडीची चाचणी होती. दिवे लावणारा माणूस एरवी डीजेच्या टेम्पोंची वायरिंग करायचा. काठावरच्या बोर्डातून लांब वायर होडीत आणलेली. होडीत एक डबा, घरातल्या करंटचा बारा वोल्ट करणारा. डब्यातून दिव्यांना वायर. तो डबा होडीच्या काठाला सुतळीनं बांधला होता. सुतळीनं!

"हे पाण्यात करंट सोडेल," मी म्हणालो.

"काका, बार वोल्ट छे. कंई न थाय," लाइटवाला गुजरातीत म्हणाला. काही होत नाही म्हणे.

"मग तू बस आधी."

"मला पोहता येत नाही, काका."

"पाणी छातीइतकं आहे. बुडत नाहीस. आणि करंट नाही असं तूच म्हणतोस. मग भीती कशाची?"

तो हसला आणि माझ्या मुलाकडे बघायला लागला. मुलगा आभाळाकडे बघायला लागला. नात मेंदीचे हात हवेत धरून आली.

"आबा, तुम्ही घरातल्या मिक्सरला टेस्टर लावता. माझ्या लग्नाला तरी नका लावू ना, प्लीज."

"लावतो म्हणूनच घरातले सगळे जिवंत आहेत," मी म्हणालो, चपला काढल्या आणि स्वतःच होडीत जाऊन बसलो.

काठावरून बायको ओरडली, "तुमनं डोकं फिरनं का? उतरा खाले!"

"दिवे लाव," मी लाइटवाल्याला सांगितलं.

त्यानं होडी जरा आत ढकलली आणि बटन दाबलं. होडीखाली निळा उजेड पसरला. चांगला दिसत होता, खोटं कशाला बोलू. मी पाण्यात हात घातला. काही नाही. दुसरा घातला. काही नाही. काठावर टाळ्या वाजल्या. मला खरं म्हणजे वाईट वाटलं. एवढ्या लोकांसमोर एखादी बारीकशी झिणझिणी तरी यायला हवी होती.

"आबा, आता उतरा!" नात हसत होती.

मी उतरलो नाही. करंट लपून बसला असेल, तो सापडेपर्यंत उठायचं नाही, असं ठरवून बसून राहिलो. थोड्या वेळानं पायजमा मागून गार लागला. वाटलं, पाणी उडालं असेल. मग घोटे बुडाले. खाली वाकून पाहिलं, तर एका दिव्याच्या कडेनं पाणी बुडबुड करत आत येत होतं. होडी माझ्या बाजूला कलली आणि सुतळीचा डबा पाण्याकडे झुकला.

डब्याच्या पुढे बारा वोल्ट होते. डब्याच्या मागे, काठापर्यंत, घरातला पुरा करंट.

"बटन बंद कर! वायर ओढ!" मी ओरडलो.

लाइटवाला जागच्या जागी थिजला. माझ्या मुलानं, जो घरात पंख्याचं बटनही मला लावायला सांगतो, धावत जाऊन बोर्डातली पिनच उपटली. पुढच्या क्षणी डबा पाण्यात गेला, आणि मी त्याच्या मागोमाग. छातीइतक्या पाण्यात उभा राहिलो. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

होडी बाहेर ओढून उलटी केली. दिव्याची कडी पितळी, होडीचा पत्रा ॲल्युमिनियमचा. कडीभोवती पांढरी भुकटी, आणि पत्रा पापडासारखा. बोट घातलं तर आरपार. फार्महाउसच्या फाटकाचं काम करणारा वेल्डर बघायला आला. तो म्हणाला, खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्यात यांनी टेम्पोसारखी परतीची वायर बॉडीलाच जोडलेली, म्हणजे करंटही पत्र्यातूनच फिरणार. दिवे पावसाळ्यापासून लावलेले होते. एवढे दिवस ते होडीवरच जेवत होते.

मी करंट म्हणालो होतो, भोक नाही. पण संध्याकाळपर्यंत पाहुण्यांत झालं की आजोबांनी भोक आधीच ओळखलं, म्हणून ते स्वतः बसले. व्याह्यांनी येऊन माझे पाय धरले. मी धरू दिले. लोकांचा गैरसमज किती ठिकाणी दूर करत फिरणार?

नातीनं मात्र पाय धरले नाहीत. ती होडीसाठी निवडलेली साडी नेसून, चप्पल हातात घेऊन, चिखलातून तळ्याला वळसा घालून चालत आली. नाचली, फोटो काढले, सगळ्यांशी हसली. माझ्याशी बोलली नाही. ताट वाढून घेताना एवढंच म्हणाली, "तुम्ही बरोबर होतात, आबा. तुम्ही नेहमीच बरोबर असता." असं बोलणं ऐकण्यापेक्षा करंट परवडला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती सासरी जाणार होती.

सकाळी कोणी उठायच्या आत मी हायवेवरच्या पंक्चरवाल्याला उठवलं. त्याच्याकडून रबराचा तुकडा आणि सोल्युशन आणलं, चारी दिवे कड्यांसकट काढले आणि चारी भोकांवर रबर ठोकून बसवलं. मग नातीला हाक मारली. ती तोंडाला हळद लागलेल्या अवतारात, गाऊनवर ओढणी घेऊन आली. होडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"गळतेय का?"

"थोडी."

"आणि चालवणार कोण?"

"मी."

"आबा, तुम्हाला येतं?"

मी वल्हं हातात घेतलं. ती पुढे बसली आणि चहाच्या कपानं पाणी बाहेर काढत राहिली. होडी सरळ जाईना, गोल गोल फिरायला लागली. तिसऱ्या फेरीला ती हसायला लागली, आणि मी तिला तशीच गोल गोल फिरवत पलीकडच्या काठाला नेऊन उतरवलं.