माळकऱ्याची वाइन

सोपान गेल्याची बातमी निमगाव केतकीच्या एसटीतून उतरलेल्या त्याच्या चुलतभावानं माझ्या दुकानात येऊन सांगितली, आणि मी आधी रस्त्यापलीकडं त्याच्या हॉटेलकडंच बघितलं. हा गडी आत खुर्चीत बसून माझं तोंड कसं होतंय ते बघत असणार, असंच वाटलं. सोपानवर एकदम विश्वास ठेवायची सवय मला कधी नव्हतीच. पण हॉटेलचं शटर खाली होतं... तेव्हा कुठं मी खाली बसलो.

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि बरोबर समोर त्याचं हॉटेल. वर ‘शुद्ध शाकाहारी इटालियन’ अशी पाटी, खाली बारीक अक्षरांत ‘वाइन मिळेल’, आणि त्या पाटीखाली गळ्यात तुळशीची माळ घातलेला मालक! मुंबईच्या बड्या हॉटेलातली नोकरी सोडून हा कळसचा गडी नव्वद सालानंतर परत आला, तो दुधाच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरांच्या भरवशावर. गाव आधी हसलं, मग जेवायला आलं. त्याची स्पॅगेटी एवढी लांब, की एका साखरसम्राटानं इथं तोंडात धरलेलं टोक गाडीतून पार भिगवणपर्यंत ओढत नेलं, असं मी आजही सांगतो. पण खरी करामत वाइनची. टोमॅटोच्या आंबट सॉसला कुठली, चीज-सायीच्या पांढऱ्या सॉसला कुठली, वांग्याचे थर लावून भाजलेल्या पदार्थाबरोबर कुठली लाल... गडी चुकायचा नाही. मार्को नावाचा एक दांडगा इटालियन इंजिनिअर होता, पहिल्याच घोटाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक म्हणतात मिरची लागली. मी म्हणतो, रडला.

आता मला सांगा, माळकरी माणसाला हे कळावं कसं? हॉटेल काढतानाच त्याच्या आईनं त्याला बजावलं होतं, “इक खुशाल. पर वठाला लागली, तर तुझ्या हातचं पानी घ्यायची न्हाय मी.” म्हातारी कडक. माळ नसलेल्याच्या हातचं खायची नाही. सोपानच्या बायकोच्या, हौसावहिनींच्या गळ्यात माळ नव्हती, म्हणून आईची भाकरी रोज सोपान स्वतः थापायचा. म्हणजे बघा, हा चोरून पीत असेल तर म्हातारीला फसवतोय, आणि पीत नसेल तर अख्ख्या तालुक्याला. मी दोन्ही बाजूंनी संशय घेतला. कानात बोलायच्या निमित्तानं त्याच्या तोंडाचा वास घेतला, तर वेलदोडा. मग वेलदोडा कशाला खातो, म्हणून संशय दुप्पट झाला. एकदा सरळच विचारलं, तर म्हणाला, “तू मोटारी बांधतोस, ते काय करंट खाऊन बघतोस व्हय?”

पण रोज दुपारी गिऱ्हाईक पांगलं की तो आत जायचा आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावायचा, हे मला समोरून दिसत होतं. गेल्या वर्षी म्हातारी गेली, ती त्याच्याच हातचं पाणी पिऊन. खांदा देतानासुद्धा माझ्या मनात आलं, बरं झालं, हिला कळलं नाही...

परवा वहिनींना भेटायला गेलो. हॉटेलच्या स्वयंपाकघरातच होत्या, टोमॅटोचा सॉस ढवळत. माझ्या जिभेला हाड नाही. म्हणालो, “वहिनी, आता तरी सांगा. सोपान घेत होता ना?”

“त्यांनी थेंब शिवला न्हाय,” त्या म्हणाल्या. “चाखत हुते ती मी, भावजी.”

मी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. नवऱ्याची माळ राखायला तो मेल्यावरही बाई स्वतःवर घेतेय, असंच मला वाटलं. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी समोरासमोर दोन पाट मांडले. कल्हईच्या एका पितळी वाटीत सॉस घेतला, एकीत वाइन. दार लावून घ्यायचे ते यासाठी. एका पाटावर त्या चाखायला, दुसऱ्यावर सोपान, नुसता त्यांच्या तोंडाकडं बघत. “मला त्यातलं बोलाया येत न्हवतं,” म्हणाल्या. “आंबटाला आंबटच लागती, न्हायतर पान्यावानी व्हती, एवढंच ठावं. बाकी त्यांना माझ्या भुवईवरनं कळायचं.” आणि वेलदोडा? तो वहिनींसाठी खिशात असायचा, सासूला वास जाऊ नये म्हणून. एकट्या बायकोनं खाल्ला तर दिसेल, म्हणून हाही खायचा.

मी अधूनमधून पेपरात काहीबाही लिहितो, तर हेही लिहू का, असं भीतभीत विचारलं.

“लिवा की. रागवायला कोन ऱ्हायलंय आता?”

मग त्यांनी बोटानं सॉस चाखला, वाटीतून एक घोट घेतला आणि सवयीनं समोर बघितलं. पाट रिकामा होता. मी घाईघाईनं जाऊन त्याच्यावर बसलो. त्यांची भुवई हलली. थोडी वर गेली, थांबली, पुन्हा खाली आली. मी बघत राहिलो... मला काही म्हणजे काही कळलं नाही. वीस जणांना पुरेल एवढी थाप मारता आली असती, पण तोंड उघडेना.

“ऱ्हाऊ द्या, भावजी,” वहिनी म्हणाल्या आणि वाटी खाली ठेवली. मी उठलो, पाट उचलून भिंतीला लावायला निघालो.

“न्हाय,” त्या म्हणाल्या, “त्यो तितंच असू द्या.”