तिसऱ्या ओळीवरून

सोफावाल्यांचं कामात लक्ष नव्हतं. एका आरामखुर्चीचं कापड त्यांनी उलटं ठोकलं, उचकटलं आणि पुन्हा उलटंच ठोकलं. हात सोफे दुरुस्त करण्यात मुरलेला, पण जीव खिशातल्या मोबाइलमध्ये अडकलेला. दर दोन खिळ्यांमागे तो मोबाइल बाहेर यायचा आणि सोफावाल्यांचा चेहरा कधी फुलायचा, कधी लालबुंद व्हायचा.

त्यांची लेक दिवसा दवाखान्यात फोन घ्यायचं काम करायची आणि संध्याकाळी गिटार घेऊन बसायची. तिने आईचं एक जुनं गाणं घरातल्याच खोलीत गाऊन नेटवर टाकलं, आणि ते बघता बघता कुठल्या कुठे गेलं. गाणं एवढंसंच:

उन्हं कलली, सावली लांबली,
पाखरं घराला लागली,

मग तिसऱ्या ओळीला शब्दच नाहीत. तिथे ती ओठ मिटून नुसती गुणगुणायची. आणि शेवटी,

माझ्या उंबऱ्याशी थांबली.

झालं! त्या गुणगुणण्यावरून ऐकणाऱ्यांत उभी फूट पडली. कोणी लिहिलं, 'इथे काळजात कालवाकालव होते.' कोणी लिहिलं, 'शब्द पाठ नाहीत आणि म्हणे लोकगीत!' एका बाईंनी त्या ओळीत समस्त स्त्रीजातीचं दडपलेलं दुःख शोधून काढलं. त्यावर एका टवाळाने लिहिलं, 'दुःख कसलं, सर्दी झालीय तिला.' कोणी गिटारवर घसरलं, कोणी केसांवर. गाण्याशी केसांचा काय संबंध, हे विचारायला जावं तर लोक अंगावर येतात.

सोफावाले मात्र जात होते. 'अस्सल श्रोता' असं नाव घेऊन ते एकेकाची खरडपट्टी काढत होते.

"अहो अस्सल श्रोते," समोरच्या दुकानातला किल्लीवाला म्हणाला, "काल तुम्ही 'आमच्या पोरीला नावं ठेवू नका' असं लिहिलंत. सगळ्या जगाला कळलं, बाप भांडतोय म्हणून."

सोफावाले ओशाळले. किल्लीवाला मित्र खरा, पण तोंडाचा फटकळ. तो पुढे म्हणाला, "मला विचाराल तर ओळ गेलीय तिची. तुम्हाला काय वाटतं? अगदी खरं सांगा."

सोफावाल्यांनी खिळे तोंडात धरले. तोंडात खिळे असले की बोलावं लागत नाही, ही या धंद्यातली मोठी सोय.

कारण खरं ते हेच होतं, की ओळ गेली होती. ज्या लोकांना ते शिव्या घालत होते, त्यांचंच म्हणणं बरोबर होतं. बायको लग्न होऊन आली तेव्हा हे गाणं शब्दांसकट म्हणायची. पुढे ती सोफ्यांची कव्हरं शिवायला बसली. टाचण्या ओठांत धरायची आणि तशीच गुणगुणायची. लेक त्या मशिनच्या पायाशी वाढली आणि गाणं तसंच शिकली. सोफावाल्यांनी आपल्या मनाशी असा हिशेब लावला होता. आता बायको नव्हती, तिच्या माहेरचंही कोणी उरलं नव्हतं. ती ओळ जगात एकट्या त्यांच्यापाशी होती आणि त्यांना धड बसू देत नव्हती. सांगावी तर पोरगी चुकली हे बापानेच कबूल केल्यासारखं. न सांगावी तर बायकोचे शब्द आपल्याबरोबरच संपणार.

त्यातच रविवारी लेकीचं एका सभागृहात गाणं होतं. शुक्रवारी ती घरी आली ती तोंड पाडूनच. ताट तसंच बाजूला सारलं.

"मी नाही गाणार, बाबा. लोक म्हणतात ते खरंच आहे. मला शब्द येत नाहीत."

सोफावाले उठले, उगाच पंख्याचं बटण दाबून आले, पुन्हा बसले. मग भिंतीकडे बघत, घोगऱ्या आवाजात, सुराशी काडीचा संबंध न ठेवता त्यांनी ती ओळ म्हटली:

एक चाहूल माझ्या जिवाची

लेक उसळली. "इतके दिवस लोक मला सोलून काढतायत, आणि तुम्ही मूग गिळून बसलात?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"आई माझ्यासमोर हे एकदाही म्हणाली नाही!"

"तोंडात टाचण्या असायच्या गं तिच्या."

"झोपवताना कुठे असायच्या?" लेक म्हणाली. "मला थोपटतानाही ती इथे गुणगुणायचीच. मी विचारलं होतं तिला, इथे काय आहे म्हणून. नुसती हसली."

सोफावाल्यांचा हिशेब कोलमडला. हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"तुमच्यासमोर कधी म्हणायची?" लेकीने हळूच विचारलं.

"मी कामावरून यायचो तेव्हा. जिन्यात पाय वाजला, की आतून." एवढं बोलले आणि त्यांना रडू फुटलं. इतक्या वर्षांचं साठलेलं, चांगलं हुंदके देऊन. लेकीने पाणी आणून दिलं आणि बराच वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

रविवारी ती काय गाणार, हे तिने सांगितलं नाही आणि यांना विचारवलं नाही. सभागृहात ते मागच्या रांगेत बसले. एक पाय सारखा हलत होता. शेजारचा माणूस दोनदा वैतागून बघून झाला. लेकीने गाणं धरलं. उन्हं कलली. पाखरं घराला लागली. सोफावाल्यांनी खुर्चीचे हात गच्च धरले.

लेकीने ओठ मिटले आणि गुणगुणली.

पुढच्या रांगांतून टाळ्या आल्या, मागून कोणी तरी हसलं. शेजारचा माणूस पुटपुटला, "बघा, शब्दच येत नाहीत हिला."

"येतात," सोफावाले म्हणाले.

"मग म्हणत का नाही?"

"ते माझे आहेत."