दुर्बिणीतले काळे किडे

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मध्ये हसलेलं मला चालत नाही. फजिती झाली, मान्य. पण सगळी चूक माझी? अजिबात नाही!

वडीगोद्रीला रस्त्याच्या कडेला माझी रोपवाटिका आहे. शाळा चौथीपर्यंत, पण जास्वंद लावावी तर मीच. नव्या विहाराच्या अंगणातल्या कुंड्या मी देणार, असं भर बैठकीत सांगून बसलो होतो. आणि नेमकं तेव्हाच जास्वंदीच्या एका ओळीच्या पानांवर काळे डाग पडले. डागाभोवती पिवळं कडं. दुसरी ओळ मात्र ठणठणीत.

माझी पुतणी सुषमा कॉलेजात झाडांचे रोग शिकवते. सुट्टीला आली ती मायक्रोस्कोप घेऊनच. मी त्याला दुर्बीणच म्हणतो. तिनं डागाच्या कडेचा तुकडा कापला, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवला.

"काका, तुकड्यातून धुरासारखं काही बाहेर येतंय का? तेच जंतू."

मी डोळा लावला. कसला धूर? काळे, वाकडे किडे! ओळीनं उभे. आणि चक्क हलत होते!

"दिसलं का?"

"बराबर दिसलं."

मग तिनं चांगल्या ओळीतलं पान लावलं. "ह्यात काहीच न्हाई, बघा."

बघितलं. तेच किडे! मी मान डोलावली. पोरगी शिकलेली, पण डोळे कच्चे. तिला कशाला दुखवा?

ती बाजाराला अंबडला गेली आणि मी कामाला लागलो. गुलाब लावला, किडे. तुळस लावली, किडे. तुळशीतसुद्धा! आता सांगा, माणसानं काय समजावं?

शेजारचा रोपवाटिकावाला उत्तम आला. "जय भीम, आबा. काय करून राह्यले?"

"बघ. सगळा बाग नासलाय."

त्यानं बघितलं. "मला तर नुसतं पाणी दिसून राह्यलं."

"तुझ्या नजरेत दम न्हाई!"

आधी जास्वंदीच्या दोन्ही ओळी उपटल्या. खड्ड्यात टाकल्या, वर चुना ओतला. रोगाशी दयामाया नाही.

सुषमा परतली आणि ओरडलीच. "काका! चांगली ओळ का उपटली?"

"तुला दिसलं न्हाई, मला दिसलं. काळे किडे!"

तिनं माझे डोळे जवळून निरखले. मग दुर्बिणीखालची पानाची काच काढून घेतली. "आता बघा."

काच नाही, पान नाही, तरी किडे होतेच.

"आता डोळा मिचकावा."

मी मिचकावला. सगळ्या किड्यांनी एकदम मुंडी हलवली.

दारात उभी असलेली आमची बायको म्हणाली, "अगं बाई, ह्यांच्या पापण्या हायेत त्या! डोक्यावरचे केस गेले, हेच तेवढे काळे राह्यले."

हसल्या दोघी. हसू द्या. या वयात एवढ्या काळ्या पापण्या गावात दुसऱ्या कुणाच्या आहेत, दाखवा!

पण विहाराला दिलेला शब्द होता. उत्तमच्या दारात गेलो.

"तुझ्या जास्वंदी दे."

"न्या की, आबा. पण आधी दुर्बिणीत बघून घ्या. मंग म्हणसाल किडे हायेत."

मी कुंड्या उचलल्या.

कार्यक्रमाला मी पुढच्याच रांगेत बसलो. मागे कशाला बसू? अंगणभर लालभडक फुलं. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, एवढी निरोगी जास्वंद! काय केलं तुम्ही?"

उत्तम माझ्याकडेच बघत होता. मी उभा राहिलो. ताठ.

"मी हात लावला न्हाई."