साधनाचा रिलीव्हर

जालन्याच्या एमआयडीसीत सळई बनवणाऱ्या एका मिलमध्ये कल्याण हा शिफ्टचा फोरमन आहे. माणूस दिलाचा मोकळा आणि आवाजाचा दांडगा. मशीनच्या गोंगाटात बोलून बोलून सवय अशी लागली, की हा घरात मीठ मागतो आणि शेजारच्या गल्लीत कळतं.

यंदा उन्हाळ्यात कंपनीनं त्याला टीमवर्कच्या ट्रेनिंगला बसवलं आणि घरच्यांच्या नशिबी मीटिंगा आल्या. रविवारी चहा होतो न होतो तोच आई दुर्गाबाई, बायको साधना आणि नववीतली पोरगी आकांक्षा यांना ओट्यापुढे उभं करून हा विचारायचा, "बोला, आजचं टार्गेट काय?" मग कामं वाटली जायची. झाडझूड आकांक्षाकडे, शेंगा सोलणं दुर्गाबाईंकडे आणि बाकी सगळं साधनाकडे. स्वतःकडे त्यानं देखरेख ठेवली होती, आणि ती तो पलंगावर पडून इमानेइतबारे करायचा.

एका रविवारी जेवताना गडी रंगात आला. "आमच्याकडं रिलीव्हर आल्याबिगर कुणी जागा सोडत न्हाई. आलेला माणूस मशीन बराबर पाहतो, 'चार्ज घेतला' म्हणतो, मंगच पहिला घरी जातो. अन् एकदा गेला की त्याला फोनसुद्धा करायचा न्हाई. याला म्हणतात टीम!"

साधना भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मंग माझा रिलीव्हर कधी येणार?"

आकांक्षा फिसकन हसली. कल्याणही हसायला गेला, पण बायको हसत नव्हती. लग्न झाल्यापासून दर नागपंचमीला ती माहेरी, धावड्याला जायची आणि झोक्यावर नीट बसायच्या आत घड्याळ बघायची. संध्याकाळच्या भाकरीसाठी परतीची एसटी गाठायची असायची. मुक्काम कधी झालाच नाही.

"औंदा मला राह्यचंय," ती म्हणाली.

"माझाबी रिलीव्हर लई वर्षं आल्ता कुठं?" दुर्गाबाई म्हणाल्या. "ही आली तवा सुटले मी."

कल्याण स्वतःच्या नियमात स्वतःच पुरता सापडला होता.

त्यानं रजा टाकली. पंचमीच्या आदल्या दिवशी साधनाच्या मागं मागं फिरून त्यानं घराचा चार्ज घेतला. डावा बर्नर कधी भडकतो, मायला बीपीची गोळी कधी द्यायची, नळ येणार हे कशावरून ओळखायचं. मिलचा चार्ज कधी एवढा लांबला नव्हता. शेवटी ती चप्पल घालून दारात उभी राहिली आणि त्याच्याकडे बघतच राहिली. ती कशासाठी थांबली ते त्याला जरा उशिराच समजलं.

"घेतला," तो म्हणाला. शेजारच्या गल्लीत त्या दिवशी काही ऐकू गेलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. दूध उतू गेलं, आणि ते पुसत असतानाच नळ येऊन गेला. मदत करायची नाही असं दुर्गाबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. हिंग सापडेना तेव्हा कल्याणनं साधनाला लावायला फोन उचलला, तो त्यांनी हातातून काढून घेतला. "तुझ्या मिलीत घरी गेलेल्या माणसाला फोन करून राह्यले का?" सगळ्यांनी बिनहिंगाचं वरण निमूट खाल्लं. आकांक्षानं तर दुसऱ्यांदा घेतलं.

पंचमी होऊन गेल्यावर दुपारच्या गाडीनं साधना परतली. हाताला मेंदी, आणि गाणी म्हणून म्हणून घसा बसलेला. पिशवी टेकवली आणि सवयीनं ती सरळ ओट्याकडे निघाली. कल्याण पिठाच्या हातानं आडवा उभा राहिला.

"थांब. मी आजून चार्ज दिलेला न्हाई. बस तिथं."

ती खुर्चीवर बसली. भरदुपारी, स्वतःच्या घरात. हात कुठं ठेवावेत हेच तिला कळेना. मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. ते बघून कल्याणला फार वाईट वाटलं, आणि ती बसली याचा आनंदही झाला. तो तिच्याकडे बघतच राहिला आणि मागं तव्यावर भाकरी करपली. साधनाला वास आला. ती उठली नाही.